शिक्षकावर शिस्तभंगाची कारवाई : खासगी शाळांतून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

राज्य पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या पॅनलवर नाव असल्यामुळे काही चौकशी समित्यांवर बसण्याची वेळ माझ्यावर आली. तेव्हापासून ओळखीचे शिक्षक, संस्थांचे सचिव आणि कधी कधी पालकही फोन करतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा उत्तरं लिहून ठेवली. वकिलाचा सल्ला म्हणून ती वाचू नका. टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्या माणसाचं हे सांगणं आहे.

हे नियम कोणत्या शिक्षकांना लागू होतात?

महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त खासगी शाळांमधल्या शिक्षकांना आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना. कायदा १९७७ चा, ‘महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम’. त्याखालची नियमावली १९८१ ची. बोलीभाषेत सगळे याला ‘एमईपीएस’ म्हणतात. शाळा अनुदानित असो की विनाअनुदानित, चौकशीची पद्धत एकच. अल्पसंख्याक संस्थांना मुख्याध्यापक आणि आणखी तीन जणांच्या नेमणुकीपुरती सूट आहे.

जिल्हा परिषदेच्या गुरुजींचा रस्ता वेगळा आहे. त्यांना १९६४ चे जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम लागू होतात, तर सरकारी शाळांतल्या शिक्षकांना १९७९ चे नागरी सेवा नियम. पुढचं सगळं खासगी शाळांबद्दल आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने हे वाचून शाळा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांची अपिलं ऐकणाऱ्या न्यायालयाकडे, जाऊ नये, तिथे त्याचं प्रकरण घेतलं जाणार नाही.

‘गैरवर्तन’ म्हणजे नेमकं काय?

नोकरीवरून काढण्यासाठी नियम २८(५) मध्ये चार कारणं दिली आहेत : गैरवर्तन, नैतिक अधःपतन, कर्तव्यात जाणूनबुजून आणि सातत्याने केलेली हयगय, आणि अकार्यक्षमता. सेवाशर्ती मोडणं किंवा आचारसंहितेचा भंग गैरवर्तनात येतो. विद्यार्थी किंवा सहकाऱ्याशी असभ्य, अनैतिक वागणं हे नैतिक अधःपतन. न सांगता वारंवार गैरहजर राहणं ही हयगय. पुन्हा पुन्हा सूचना देऊनही अभ्यासक्रम पूर्ण न करणं ही अकार्यक्षमता.

संस्थांचा घोळ इथूनच सुरू होतो. सचिवांशी मोठ्या आवाजात बोलणं, संघटनेच्या मोर्चाला जाणं, माहिती अधिकारात अर्ज करणं, सगळं ‘गैरवर्तन’ या एका पिशवीत भरलं जातं. एका दोषारोपपत्रात तर ‘अध्यक्ष आल्यावर उभे राहिले नाहीत’ हा स्वतंत्र आरोप होता. असले आरोप टिकत नाहीत, आणि त्यांच्या शेजारी बसलेला खरा, गंभीर आरोपही हलका वाटायला लागतो.

सरांनी माझ्या मुलाला मारलं. तक्रार कुठे करू?

आधी मुख्याध्यापकांकडे, लेखी. दोन प्रती करा आणि एकीवर तारखेसह पोच घ्या. काही हललं नाही तर संस्थेच्या सचिवांना आणि शिक्षणाधिकाऱ्यांना तीच तक्रार पाठवा. मार लागला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून कागद घ्या. आठ दिवसांनी वळ दिसत नाहीत.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. असं करणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे कारवाई करावी, असं त्याच कलमात लिहिलं आहे. ‘आमच्या वेळी छडीशिवाय शाळा नव्हती’ हा बचाव समितीपुढे हमखास येतो. समितीतले दोन सभासदही मान डोलावतात. कायदा मात्र डोलावत नाही.

आणि तक्रार लैंगिक छळाची असेल तर?

मग चौकशी समिती वगैरे नंतर. अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत असा गुन्हा घडल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ ने बंधनकारक केलं आहे. शाळेने ‘आधी आमची अंतर्गत चौकशी होऊ द्या’ म्हणत थांबणं हाच गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मूल ज्याच्या ताब्यात असतं तोच आरोपी असेल तर कायदा गुन्हा अधिक गंभीर धरतो, आणि शाळेचे कर्मचारी त्यात नाव घेऊन आले आहेत.

मुलाचं नाव, वर्ग, फोटो, गल्ली, काहीही बाहेर जाऊ देऊ नका. शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर नाहीच. मदतीसाठी १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे. शाळेत सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची) आणि तक्रारपेटी असायला हवी. पेटीची किल्ली कोणाकडे आहे, हे पालकसभेत जरूर विचारा.

शिक्षिकेची तक्रार सहकाऱ्याविरुद्ध असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती ती ऐकते. त्यासाठी घटनेपासून तीन महिन्यांची मुदत आहे.

निलंबन ही शिक्षा आहे का?

कागदावर नाही. गावात आहे.

कायद्याच्या दृष्टीने निलंबन म्हणजे चौकशी होईपर्यंत माणसाला बाजूला ठेवणं. प्रथमदर्शनी नोकरीवरून काढण्याजोगं प्रकरण असेल किंवा तो कामावर राहिल्याने तपासात अडथळा येईल असं वाटण्याला आधार असेल, तरच ते करता येतं. त्याला शिक्षणाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते, आणि ते चार महिन्यांपेक्षा लांबवायचं तर पुन्हा परवानगी लागते.

परवानगी न घेता निलंबित केलं तर निर्वाह भत्ता संस्थेने स्वतःच्या खिशातून द्यायचा. शासनाच्या वेतन अनुदानातून तो मिळत नाही. हा एक नियम माहीत असता तर कित्येक सचिवांनी रागाच्या भरात सही केली नसती.

निलंबनात किती पैसे मिळतात?

पहिले चार महिने अर्धपगारी रजेइतका निर्वाह भत्ता. त्यानंतर विलंब शिक्षकामुळे नसेल तर तो मूळ भत्त्याच्या निम्म्याने वाढवता येतो, म्हणजे पगाराच्या सुमारे पाऊणपट. शिक्षकच चौकशी टाळत असेल तर तेवढाच कमीही करता येतो. भत्ता रोखून माणसाला नमवायचा प्रयत्न काही ठिकाणी होतो. पोट मारून घेतलेली चौकशी न्याय्य होती का, असा प्रश्न पुढे न्यायालयात उभा राहतो, आणि त्याचं उत्तर संस्थेला जड जातं.

निलंबित असताना दुसरीकडे नोकरी केली तर?

करू नका. परवानगीशिवाय मुख्यालयही सोडू नका. या दोन गोष्टी मोडल्या की भत्ता बंद करायला संस्थेला कारण मिळतं.

‘राजीनामा द्या, प्रकरण मिटवू’ असं सांगतात. देऊ का?

निलंबन आणि चौकशी चालू असताना दिलेला राजीनामा स्वीकारूच नये, असा नियम आहे. त्यामागचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. राजीनामा घेऊन ‘मिटवलेला’ शिक्षक पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेत फळ्यासमोर उभा असतो, आणि तिथल्या मुलांना काहीच माहीत नसतं. दुसरीकडे, निर्दोष माणसाकडून धाकाने राजीनामा लिहून घेण्याचे प्रकारही कमी नाहीत. म्हणून १९७७ च्या कायद्याच्या कलम ७ मध्ये पद्धत बांधून दिली आहे : दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेकडे आणि दुसरी स्वतःजवळ. संस्थेच्या कार्यालयात खुर्चीवर बसवून कोऱ्या कागदावर घेतलेली सही या पद्धतीत कुठेच बसत नाही.

मेमो आला आहे. उत्तर न दिलेलं बरं का?

नाही. नियमाप्रमाणे आधी आरोपांचं निवेदन येतं आणि ते मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी खुलासा द्यायचा असतो. खुलासा थोडका ठेवा. काय घडलं, काय घडलं नाही, तुमच्याकडे कोणता कागद आहे, एवढंच. मुख्याध्यापकांच्या भानगडी त्यात लिहू नका. पाच-पाच पानांचे खुलासे मी वाचले आहेत आणि जवळपास प्रत्येकात शिक्षकाने संतापाच्या भरात निदान एक गोष्ट कबूल केलेली असते.

मेमो घ्यायला नकार देणं ही आणखी वाईट खेळी. शिपाई आणि दोन साक्षीदार मिळून ‘घेण्यास नकार दिला’ असा पंचनामा करतात आणि पहिलीच नोंद तुमच्याविरुद्ध जाते.

चौकशी समितीत कोण असतं?

तिघे. एक संस्थेच्या व्यवस्थापनातला. दुसरा शिक्षकाने स्वतः निवडलेला, कोणत्याही खासगी शाळेचा कर्मचारी. तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या पॅनलमधून घेतलेला. आरोपी मुख्याध्यापक असेल तर संस्थेचे अध्यक्ष स्वतः बसतात आणि तिसरा सभासद पुरस्कारप्राप्त मुख्याध्यापकांतून येतो. संस्थेचा माणूस निमंत्रक असतो.

ही रचना विचारपूर्वक केलेली आहे. एक या बाजूचा, एक त्या बाजूचा, एक मधला. प्रत्यक्षात मधल्याला संस्थेची गाडी आणायला येते आणि संस्थेच्याच घरी जेवण असतं. मी पुढे पुढे एसटीने जायला लागलो आणि डबा नेऊ लागलो. त्यावरून हसले लोक. हरकत नाही.

शिक्षकाने पंधरा दिवसांत आपला माणूस आणि त्याचं लेखी संमतिपत्र दिलं नाही तर उरलेल्या दोघांची समिती कामाला लागते. निषेध म्हणून नाव न देणारे शिक्षक स्वतःची एक खुर्ची रिकामी सोडतात.

माझा प्रतिनिधी म्हणून कोणाला घेऊ?

जवळचा मित्र नको. संघटनेतला भाषण करणाराही नको. नियमावली वाचलेला, शांत आणि प्रत्येक बैठकीला येणारा माणूस शोधा. तो वकिलासारखा तुमची बाजू मांडणारा नसतो. तो समितीचा सभासद आहे आणि निर्णयात त्याचं मत मोजलं जातं.

दोषारोपपत्र बरोबर आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

त्यात तारीख, वेळ, जागा आणि कृती आहे का, ते पाहा. ‘आपले वर्तन शिक्षकी पेशास अशोभनीय आहे’ हा आरोप नव्हे, ते मत आहे. ‘अमुक तारखेला तिसऱ्या तासिकेला सातवी ब च्या वर्गात आपण अमुक विद्यार्थ्याच्या कानशिलात मारली, त्यामुळे त्याला दवाखान्यात न्यावे लागले’ हा आरोप झाला. याला उत्तर देता येतं. मी त्या दिवशी रजेवर होतो, असं सांगता येतं. अशोभनीय वर्तनाला काय उत्तर देणार?

समिती बनल्यापासून सात दिवसांत दोषारोपपत्र, आरोपांचं निवेदन आणि तुमचा खुलासा यांच्या प्रती रजिस्टर पोस्टाने तुम्हाला मिळायला हव्यात. ते मिळाल्यावर दहा दिवसांत तुम्ही आणखी खुलासा, साक्षीदारांची नावं आणि कागदपत्रं द्यायची. दोषारोपपत्रात ज्या कागदाचा उल्लेख आहे पण प्रत जोडलेली नाही, तो लेखी मागा. दिला नाही तर तेही लेखी नोंदवा.

चौकशीत प्रत्यक्ष काय होतं?

शाळेतली एखादी खोली, बहुधा प्रयोगशाळा, कारण तिथे टेबल मोठं असतं. संस्थेतर्फे साक्षीदार येतात आणि तुम्हाला त्यांची उलटतपासणी घेता येते. मग तुमचे साक्षीदार. प्रत्येक बैठकीचा रोजनामा लिहिला जातो आणि जबाबावर सह्या होतात. सही करण्याआधी वाचा. न बोललेलं वाक्य त्यात दिसलं तर तिथल्या तिथे, सहीच्या वरच, ‘हे मी म्हटलेले नाही’ असं लिहा.

पुरावे संपल्यावर निमंत्रक कामकाजाचा सारांश आणि जबाबांच्या प्रती तुम्हाला पाठवतो. त्यावर सात दिवसांत शेवटचं म्हणणं मांडता येतं. त्यानंतर समिती निष्कर्ष आणि निर्णय कळवते, आणि संस्थेने तो सात दिवसांत अमलात आणायचा असतो. हे सगळं १२० दिवसांत आटपावं अशी अपेक्षा आहे. माझ्या अनुभवात एक चौकशी वेळेत संपली, कारण शिक्षक तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते आणि सगळ्यांनाच घाई होती.

तिघांचं एकमत झालं नाही तर?

मतभेद असू शकतात. पण तिघांनी एकत्र बसून, पुराव्यावर चर्चा करून समितीचा निर्णय द्यायचा असतो. प्रत्येकाने घरी जाऊन आपापला अहवाल लिहिला तर तो समितीचा निर्णय होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात हे स्पष्ट केलं.

त्याआधीची माझीच गोष्ट सांगतो. शाळेचं नाव नको. एका शिक्षकाने मुलाला इतकं मारलं होतं की कानाचा पडदा गेला. पुरावा भक्कम होता. मी पॅनलवर नवा होतो. शेवटच्या बैठकीनंतर तिघांनी तीन दिशांना जाऊन तीन अहवाल लिहिले. माझा तर सुवाच्य अक्षरात, समास सोडून. न्यायाधिकरणाने बडतर्फी रद्द केली. त्या मुलाच्या कानाबद्दल निकालपत्रात एक ओळही नव्हती, कारण प्रश्न तिथपर्यंत पोचलाच नाही. शिक्षक हार घालून परत आले. संस्थेला नव्याने चौकशी करता आली असती, पण तिने केली नाही. मूल तोपर्यंत शाळा सोडून गेलं होतं.

‘प्रोसिजरचं एवढं काय घेऊन बसलात’ असं कोणी म्हटलं की मला तो कान आठवतो.

लहान मुलांना साक्षीला बोलवावं का?

टाळता येत असेल तर टाळावं. दवाखान्याचा कागद, हजेरीपट आणि इतर शिक्षकांचे जबाब पुरेसे असतील तर मुलाला ओढू नका. गरज पडलीच तर पालक जवळ असू द्या, मुलाची आणि आरोपी शिक्षकाची नजरानजर होऊ देऊ नका, आणि शिक्षकाला प्रश्न लेखी द्यायला सांगून समितीने ते विचारावेत. शिक्षकाचा हक्कही राहतो आणि मूलही घाबरत नाही.

समोरासमोरच्या उलटतपासणीचा आग्रह सगळीकडे धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच मान्य केलं आहे. ते प्रकरण रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलींच्या वसतिगृहाचं होतं. मुलींचे जबाब आरोपी विद्यार्थ्यांच्या पाठीमागे घेतले गेले होते, तरी कारवाई टिकली. पोक्सोच्या खटल्यातही मुलाला आरोपीसमोर आणत नाहीत आणि वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारले जातात.

पोलिसांत गुन्हाही दाखल आहे. मग शाळेची चौकशी थांबते का?

आपोआप नाही. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. आरोप गंभीर असतील, गुंतागुंतीचे असतील आणि दोन्हीकडे तथ्यं तीच असतील, तर शिक्षकाचा फौजदारी बचाव उघडा पडू नये म्हणून न्यायालय चौकशी थांबवू शकतं. पण खटला वर्षानुवर्षं रेंगाळला तर तीही पुन्हा सुरू करता येते.

मी खटल्यातून निर्दोष सुटलो. नोकरी परत मिळायलाच हवी ना?

तसं गृहीत धरू नका. फौजदारी न्यायालयात गुन्हा संशयातीत सिद्ध व्हावा लागतो. खात्याच्या चौकशीत कोणती गोष्ट घडली असण्याची शक्यता जास्त, एवढं पाहतात. साक्षीदार फितल्यामुळे सुटलेला माणूस चौकशीत दोषी ठरू शकतो. मात्र तेच साक्षीदार आणि तोच पुरावा असताना न्यायालयाने ‘असं काही घडलंच नाही’ म्हणून सन्मानाने सोडलं असेल, तर तो मुद्दा जोरात मांडा.

शिक्षा कोणकोणत्या?

किरकोळ : समज, ताकीद, ठपका, जास्तीत जास्त एक वर्ष वेतनवाढ रोखणं, नुकसानीची वसुली. मोठ्या दोनच : पदावनती आणि सेवासमाप्ती. किरकोळ शिक्षेलाही लेखी कळवून म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, पण तीन जणांची समिती लागते ती मोठ्या शिक्षेसाठी.

कायमची वेतनवाढ रोखणं, सहा महिने बिनपगारी ठेवणं, शाळेच्या दुसऱ्या शाखेत ‘शिक्षा म्हणून’ पाठवणं, हे काहीही या यादीत नाही.

मी शिक्षण सेवक आहे. मलाही चौकशी लागते का?

परिविक्षा काळात, म्हणजे कायम होण्याआधी काम पारखण्याच्या काळात, काम समाधानकारक नसेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन सेवा संपवता येते. हा काळ साधारण शिक्षकाला दोन वर्षं आणि शिक्षण सेवकाला तीन. पण आदेशात किंवा त्यामागे गैरवर्तनाचा आरोप असेल तर तो डाग ठरतो, आणि डाग लावायचा तर चौकशी हवी.

खासगी शिकवणी घेतली तर?

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ सरळ बंदी घालतं. बायकोच्या नावाने क्लास, ही पळवाट समितीतल्या प्रत्येकाला माहीत असते.

शिक्षक अध्यक्षांचा भाचा आहे. संस्था काहीच करत नाही.

१९७७ च्या कायद्यात याचा विचार झाला आहे. संस्था कारवाई टाळत असेल तर कलम ४-अ खाली शिक्षण संचालक तिला चौकशीचे निर्देश देऊ शकतात आणि तरीही हालचाल झाली नाही तर पुढचं पाऊल स्वतः उचलू शकतात. शिक्षणाधिकाऱ्यांकडे दिलेल्या तक्रारीच्या पोचेच्या प्रती इथे उपयोगी पडतात. सह्या करणारे पालक जितके जास्त, तितकी फाइल लवकर हलते.

मला काढून टाकलं. आता?

आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील. बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती आणि बढतीत डावललं जाणं यासाठी हा दरवाजा आहे. किरकोळ शिक्षेसाठी नाही. उशिराला सबळ कारण असेल तर न्यायाधिकरण ते माफ करू शकतं, पण ‘संस्था परत घेईल म्हणून थांबलो’ हे कारण मी तरी कोणाला सुचवणार नाही. तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. पाच वर्षांची मानसिक तयारी ठेवा. त्या निकालावर पुढे उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते.

जिंकलो तर मधल्या वर्षांचा पगार मिळतो?

बेकायदा काढलं असेल तर साधारणपणे मिळायला हवा. सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल एका खासगी शाळेतल्या शिक्षिकेचा आहे आणि तोही आपल्याच राज्यातला. न्यायाधिकरणाने तिला पूर्ण मागील वेतन दिलं, उच्च न्यायालयाने ते काढून घेतलं, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दिलं. मात्र या काळात आपण दुसरीकडे कमावत नव्हतो, हे शिक्षकाने अपिलातच लिहायला हवं. ते लिहिलं की ‘नाही, कमावत होता’ हे दाखवायची जबाबदारी संस्थेवर जाते. एवढं एक वाक्य राहून गेल्यामुळे अडकलेली माणसं मी पाहिली आहेत.

कोणते कागद जपून ठेवू?

नेमणुकीचा आदेश, मान्यतेचं पत्र, सेवापुस्तकाची झेरॉक्स, प्रत्येक मेमो आणि त्याचं उत्तर, रजेचे अर्ज, टाचणवही, आणि आलेल्या प्रत्येक टपालाचं पाकीट. हो, पाकीटसुद्धा. पत्रावर संस्था हवी ती तारीख घालते, शिक्का मात्र पोस्टाचा असतो.